चकाकी मारली, पण हाताला चिकटते! लाकडी बैलगाडी, छोटी लालपरी आणि मावळ्यांना वॉर्निश मारताना काय चुकते?

सावंतवाडी : गणपतीला चाकरमानी गावाक येतात आणि परत जाताना पिशवीत काही ना काही घेऊन जातात. काजू, कोकम, मालवणी मसाला तर असतोच. त्यासोबत कोणी लाकडी बैलगाडी नेतो, कोणी वीतभर लांबीची लालपरी, कोणी रंगवलेला दशावतारी मुखवटा. बनवणाऱ्याला चार पैसे मिळतात. पण पंधरा दिवसांनी मुंबईहून फोन येतो. गाडीच्या टपावर बबल रॅपचे गोल गोल ठसे उमटले. बैल पांढरे दिले होते, ते धुरकट दिसतात. वस्तू हातात घेतली की बोट चिकटते. काम चांगले, रंग चांगला, पण वरची चकाकी बिघडली आणि गिऱ्हाईक गेले.

हे फक्त नवख्यांचेच होते असे नाही. पावसाळ्यात जुन्या हातांचेही होते. फरक एवढाच की जुना हात घाई करत नाही आणि कोणत्या दिवशी काम करायचे नाही हे त्याला माहीत असते.

सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. शहरातली चितार आळी याच कामाने ओळखली जाते. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते हाताने रंगवायचे आणि त्यावर लाखेचा हात द्यायचा, ही इथली जुनी रीत. पत्त्याला चिंचोक्याच्या खळीने ताठपणा येतो आणि लाखेने चकाकी येते, शिवाय बोटाच्या घामापासून रंग वाचतो. म्हणजे रंगवलेल्या छोट्या वस्तूवर चकाकीचा थर देणे ही काही परदेशातून आलेली गोष्ट नाही. फक्त आता लाखेच्या जागी दुकानात दहा प्रकारचे डबे आले आहेत आणि नेमका तिथेच घोळ होतो.

आता हे काम चितार आळीपुरतेही राहिलेले नाही. गावोगावची पोरे सनबोर्ड कापून एसटीच्या प्रतिकृती करतात, कोणी ट्रॅक्टर करतो, कोणी दिवाळीच्या किल्ल्यासाठी मातीचे मावळे रंगवतो. शिकणे मोबाईलवरच्या व्हिडिओवरून. व्हिडिओ करणारा बहुतेक वेळा कोरड्या हवेच्या गावात, पंख्याखाली किंवा एसीत बसलेला असतो. तो म्हणतो दोन तासांत सुकते. आपल्याकडे श्रावणात पडवीत दोन दिवस ठेवले तरी सुकत नाही. त्याचे खोटे नाही, आपली हवा वेगळी.

वॉर्निश चमकते कशाने?

वॉर्निश म्हणजे साधेपणाने सांगायचे तर रंग नसलेला रंग. त्यात एक राळेसारखा पदार्थ असतो आणि त्याला पातळ ठेवणारे काहीतरी असते. टर्पेंटाईन, थिनर, स्पिरिट किंवा पाणी. पातळ करणारे उडून जाते, मागे पारदर्शक पापुद्रा उरतो. तो पापुद्रा आरशासारखा सपाट असला तर उजेड एकाच दिशेने परत फिरतो, आपल्याला चकाकी दिसते. पापुद्रा खडबडीत असला तर उजेड चारी बाजूला पांगतो, वस्तू मंद दिसते. मॅट वॉर्निशमध्ये हा खडबडीतपणा मुद्दाम आणलेला असतो. त्यात बारीक पूड घातलेली असते, ती तळाला बसते, म्हणून मॅटचा डबा नीट ढवळावा लागतो.

यातून एक गोष्ट निघते. चकाकी काही झाकत नाही, उलट उघडे करते. खालच्या रंगावर ब्रशचे ओरखडे असतील, बोटाचा ठसा असेल, धुळीचा कण असेल, तर चकाकीनंतर तो दुप्पट दिसतो. रंगही थोडे गडद होतात. पोस्टर कलरचा फिका गुलाबी वॉर्निशखाली चांगलाच गडद दिसू शकतो. म्हणून लाकडाला आधी पॉलिश पेपर मारणे, भेगांत लांबी भरणे ही कामे टाळून वरून चकाकी मारायची, हा हिशेब कधीच जमत नाही.

आधी खालचा रंग ओळखा

निम्म्याहून जास्त वस्तू इथे बिघडतात. दुकानदाराला वॉर्निश द्या म्हटले की तो समोर असलेला डबा देतो. तुमच्या वस्तूवर कोणता रंग आहे हे त्याने विचारलेले नसते आणि तुम्ही सांगितलेले नसते.

आपल्याकडे छोट्या वस्तूंना साधारण तीन प्रकारचे रंग वापरतात. शाळेतले पोस्टर कलर, अ‍ॅक्रेलिक आणि ऑइल पेंट. वस्तू दुसऱ्याने रंगवलेली असेल किंवा स्वतःलाच आठवत नसेल तर वस्तूच्या खालच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, ओला कापूस फिरवून बघावा. साध्या पाण्याने रंग कापसाला लागला तर पोस्टर कलर. पाण्याने नाही पण स्पिरिटच्या कापसाला लागला तर बहुतेक अ‍ॅक्रेलिक. दोन्हीने नाही गेला तर ऑइल पेंट. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि त्याने आठवड्याचे काम वाचते.

पोस्टर कलरवर पाण्याचे वॉर्निश ब्रशने मारले की रंग विरघळतो. मावळ्याच्या मिशा गालावर उतरतात. इथे स्प्रेचा अगदी हलका फवारा आधी द्यावा, नुसते धुके बसल्यासारखा. तो सुकला की दुसरा. दोन-तीन फवाऱ्यांनी रंग बांधला गेला की मग हवे ते करता येते. टर्पेंटाईनच्या वॉर्निशने पोस्टर कलर विरघळत नाही, पण रंग ते शोषून घेतो आणि काळपट होतो.

अ‍ॅक्रेलिक रंगावर पाण्याचे अ‍ॅक्रेलिक वॉर्निश सगळ्यात चांगले. वास कमी, ब्रश पाण्याने धुता येतो आणि वर्षानुवर्षे पिवळे पडत नाही. पण अ‍ॅक्रेलिकवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे पॉलिश ब्रशने घासू नये. स्पिरिट खालचा रंग मऊ करते आणि लाल पांढऱ्यात मिसळतो.

ऑइल पेंटचे वेगळे. तो वरून सुकतो आणि आत बरेच दिवस ओला राहतो. बोट लावले, चिकटले नाही म्हणून संध्याकाळी वर थिनरचा लॅकर फवारला, की पाच मिनिटांत रंग म्हाताऱ्याच्या कातडीसारखा सुरकुततो. थिनर जोरदार असतो, तो वरच्या पापुद्र्यातून आत घुसतो आणि खालचा अर्धवट सुकलेला रंग फुगवतो. हे एकदा झाले की दुरुस्ती नाही, सगळा रंग खरवडून पहिल्यापासून सुरुवात. ऑइल पेंटवर टर्पेंटाईनचे वॉर्निश चालते. पण तेही रंग पूर्ण सुकल्यावर. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस, पावसाळ्यात आठवडा धरून चालावे. सगळ्यात सोपी खूण नाकाची. वस्तू नाकाजवळ धरली आणि रंगाचा वास आला, तर आत अजून काहीतरी उडायचे बाकी आहे. वास पूर्ण गेला की मग डबा उघडावा.

पांढऱ्या बैलांसाठी आणखी एक सांगावे लागेल. टर्पेंटाईनवाले वॉर्निश काळाने पिवळे पडते. कपाटात, अंधारात ठेवले तरी पडते. तपकिरी लाकडावर ते उलट उबदार दिसते. पण पांढरी बैलजोडी, निळा कृष्ण, एसटीची पांढरी पट्टी यांच्यावर ते दोन वर्षांत दिसायला लागते. तिथे पाण्याचेच वॉर्निश वापरावे.

सादळलेली हवा

कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता पुष्कळ दिवस ८५-९० टक्क्यांच्या वर असते. पापड सादळतो, मीठ पाझरते, काडेपेटी पेटत नाही, तिथे वॉर्निशने कोरडे व्हावे ही अपेक्षाच जास्तीची. पण गणपतीची मागणी तर याच दिवसांतली. काम टाळता येत नाही.

प्रत्येक वॉर्निश दमट हवेत वेगळ्या तऱ्हेने बिघडते, हे समजून घेतले की निम्मी चिंता जाते.

थिनरचा लॅकर, स्पिरिटचे पॉलिश आणि स्प्रेचे कॅन पांढरे पडतात. कारण असे. थिनर आणि स्पिरिट फार वेगाने उडतात. उडताना पृष्ठभाग थंड करतात, हातावर स्पिरिट घेतले की गार लागते तसेच. थंड झालेल्या पृष्ठभागावर हवेतला दमटपणा पाणी होऊन बसतो, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसा. ते बारीक पाणी पापुद्र्यात अडकते आणि वस्तू धुके पसरल्यासारखी पांढुरकी दिसते.

टर्पेंटाईनचे वॉर्निश असे पांढरे पडत नाही, पण दिवसेंदिवस चिकट राहते. बबल रॅपचे ठसे बहुतेक याचेच.

पाण्याच्या वॉर्निशमधले पाणी हवेत जायला जागाच नसते. ते ओले असताना दुधासारखे दिसते, तेवढे चालते. सुकल्यावर काचेसारखे व्हायला हवे. जाड थर मारला असेल तर आतले पाणी अडकते आणि कोपऱ्यांत, बैलाच्या पायांच्या मध्ये, चाकाच्या आऱ्यांपाशी पांढरे डाग कायम राहतात.

उपाय काय? पहिला फुकटचा आहे. मोबाईलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये तापमानाच्या खाली आर्द्रतेचा आकडा असतो. तो बघावा. ७० च्या आत असेल तर निर्धास्त काम करावे. ८० च्या वर असेल तर स्प्रे आणि लॅकरला हात लावू नये. अ‍ॅपचा आकडा तालुक्याचा असतो, तुमच्या पडवीचा नसतो, हेही खरे. रोजचे काम असेल तर आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र घेऊन ठेवावे, ते काही शे रुपयांतच येते.

दिवसातली वेळ महत्त्वाची. सकाळी आणि संध्याकाळी हवा जास्त दमट असते. पावसाने उघडीप दिली असेल तर साधारण अकरा ते तीन ही वेळ त्यातल्या त्यात बरी. पुष्कळ जण शेतातून, कामावरून आल्यावर रात्री वॉर्निश मारायला बसतात. रंगकाम रात्री करावे, चकाकी मात्र दुपारसाठी राखून ठेवावी. शेतकऱ्याला नेमकी दुपारच मोकळी नसते ही अडचण आहेच, पण लावणी उरकल्यावर एखादी उघडिपीची दुपार काढून सगळ्या वस्तूंना एकदम हात मारता येतो.

दुसरा उपाय वस्तू किंचित गरम ठेवण्याचा. खोक्यात जुना साठ वॉटचा पिवळा बल्ब लावून वस्तू त्यात तासभर ठेवली की लाकडातला वरवरचा ओलावा जातो आणि वस्तू हवेपेक्षा थोडी उबदार राहते. उबदार वस्तूवर दव बसत नाही. एलईडी बल्बने हे होत नाही, तो तेवढा तापत नाही. हाताला कोमट लागेल इतकेच तापवावे, कडक तापवले तर वॉर्निशला बुडबुडे येतात. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : बल्बच्या खोक्यात वस्तू वॉर्निश मारण्याआधी ठेवायची, मारल्यावर नाही. थिनरची वाफ आणि तापलेला बल्ब बंद खोक्यात एकत्र आले तर भडका उडतो. चुलीपाशी सुकत ठेवणे हाही तोच प्रकार. वर चुलीच्या राखेचे कण बसतात ते वेगळेच.

लाकूड मुळात ओले असेल तर वरचे सगळे फुकट. पांगाऱ्यासारखे हलके, मऊ लाकूड पाणी लगेच धरते. ओल्या लाकडावर रंग आणि वॉर्निश चढवले की आतले पाणी बाहेर यायला बघते आणि पापुद्रा खालून उचलते. लाकूड मे महिन्यात कापून, सुकवून माळ्यावर ठेवलेले असेल तर श्रावणात काम करता येते. जूनमध्ये कापलेल्या लाकडाचे श्रावणात काही खरे नाही.

प्रत्यक्ष हात मारताना

एक जाड हात मारण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात चांगले, हे सगळे सांगतात. का ते कमी जण सांगतात. जाड थर वरून आधी सुकतो, त्यामुळे आतल्याला बाहेर यायची वाट बंद होते. शिवाय छोट्या वस्तूवर जाड वॉर्निश खोलगट जागेत साचते. मावळ्याचे डोळे, बोटे, पागोट्याच्या घड्या भरून जातात आणि चेहरा मेणाचा दिसतो. मोठ्या दरवाजाला जे चालते ते चार इंचाच्या बाहुल्याला चालत नाही.

चकाकीची बाटली जोरात हलवू नये. हलवली की बुडबुडे होतात आणि ते तसेच वस्तूवर बसतात. काडीने हळू ढवळावी. ब्रश मऊ, केस न गळणारा आणि वॉर्निशसाठीच वेगळा ठेवलेला असावा. रंगाचा ब्रश कितीही धुतला तरी मुळाशी रंग राहतो आणि पांढऱ्या बैलावर निळी रेघ उमटते. ब्रश अर्धाच बुडवायचा, काठाला पुसायचा आणि वरून खाली एकदाच न्यायचा. राहिलेली जागा दिसली तरी अर्धवट सुकलेल्यावर परत ब्रश फिरवायचा नाही. तिथे लगेच ओरखडे पडतात. राहिलेले दुसऱ्या हातात भरून निघते.

मारून झाले की एक मिनिट वस्तू उलटसुलट करून बघावी. खालच्या कडेला थेंब जमतो, तो कोरड्या ब्रशच्या टोकाने उचलून घ्यावा. ओघळ सुकल्यावर काढणे म्हणजे सगळे घासणे.

स्प्रे कॅन दोन मिनिटे तरी हलवावा, आतली गोळी खडखडली पाहिजे. तो वीस-पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभर अंतरावर धरावा. फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करायचा, वस्तूवरून न थांबता न्यायचा आणि पलीकडे बाहेर जाऊनच बोट सोडायचे. वस्तूवरच बोट दाबले तर पहिला थेंब पचकन पडतो. फार जवळून मारले तर ओघळ येतो. फार लांबून मारले तर वॉर्निश हवेतच सुकते आणि वस्तूवर रव्यासारखे खरखरीत बसते. आधी पुठ्ठ्यावर मारून बघावे. संपल्यावर कॅन उलटा धरून नुसती हवा येईपर्यंत दाबावा, म्हणजे तोटी तुंबत नाही.

थर्मोकोलला स्प्रे किंवा थिनर कधीच मारू नये. ते डोळ्यांदेखत वितळून खड्डा पडतो. दिवाळीच्या किल्ल्यात बुरूज थर्मोकोलचे आणि त्यावर स्प्रेचा रंग, हा प्रयोग दरवर्षी कुठे ना कुठे होतोच.

सुकत ठेवताना धूळ आणि किडे दोन्ही सांभाळावे लागतात. पावसाळ्यात दिव्याभोवती किडे येतात ते थेट ओल्या वॉर्निशवर बसतात. प्लास्टिकचे घमेले उपडे घालावे आणि एका बाजूने दोन काड्यांवर टेकवावे, म्हणजे हवा जाते आणि धूळ येत नाही. दोन हातांमधले अंतर डब्यावर लिहिलेले असते, ते दमट दिवसांत दुप्पट धरावे.

लालपरीवाल्यांसाठी

एसटीच्या प्रतिकृतीत चकाकीचे काम दोनदा येते. बसच्या बाजूची अक्षरे, पाटी, नंबर हे कागदावर छापून चिकटवतात. रंग खडबडीत, मंद असेल तर स्टिकरच्या खाली हवेचे बारीक कण अडकतात आणि अक्षरांभोवती चंदेरी कडा दिसते. म्हणून जगभर हौशी मंडळी आधी चकाकीचा एक पातळ हात मारतात, तो सुकल्यावर गुळगुळीत पृष्ठभागावर स्टिकर लावतात आणि मग वरून शेवटचा हात देतात. त्याने स्टिकरची कडही झाकली जाते.

छापील कागद कुठला, तेही बघावे. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई पाण्याच्या वॉर्निशने पसरते. झेरॉक्सवाल्याकडची लेझर प्रिंट पसरत नाही, पण तिच्यावर थिनर मारू नये. बॉलपेन आणि मार्करने काढलेल्या रेघा स्पिरिटने, थिनरने फुटतात. खिडक्यांचे पारदर्शक प्लास्टिक सगळ्यात शेवटी बसवावे, नाहीतर स्प्रेने ते धुरकट होते.

आणि सगळी बस चकचकीत करू नये. पत्रा चमकला पाहिजे, टायर चमकता कामा नये. रोज मातीच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचे टायर कोणी चकचकीत पाहिले आहेत? बैलांचेही तसेच. अंगाला मंद, डोळ्यांना, शिंगांना आणि घुंगरांना चकाकीचा एक थेंब, एवढ्याने बैल जिवंत दिसतो. अख्ख्या बैलाला चकाकी मारली की तो साखरेच्या चित्रासारखा दिसतो. पर्यटकाला चकचकीत आवडते हे खरे असले तरी बारकाईने बघणारे गिऱ्हाईक, जे दोन पैसे जास्त देते, ते डोळ्यांकडे बघते.

लहान मूल तोंडात घालते

शोभेची वस्तू वेगळी आणि खेळणे वेगळे. बैलगाडी शोकेससाठी म्हणून विकली तरी घरातले दीड वर्षाचे मूल ती उचलते आणि चाक चावते. वॉर्निशचा थर खालच्या रंगाला अडवतो, हा गैरसमज आहे. दातांनी तो सहज निघतो आणि पुढचा रंग पोटात जातो.

घराला मारायच्या रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे असा केंद्राचा नियम २०१६ सालचा आहे. पण कारखान्यासाठी, यंत्रांसाठी म्हणून विकले जाणारे किंवा लेबल नसलेले सुटे रंग कुठले ते कळत नाही. शिसे मुलांच्या मेंदूला बाधते आणि झालेले नुकसान भरून येत नाही. म्हणून खेळण्याला शिसेविरहित लिहिलेलाच रंग घ्यावा, दहा-वीस रुपयांसाठी सुटा रंग घेऊ नये. लहान मुलांच्या वस्तूला पाण्याचे वॉर्निश बरे, आणि तेही पूर्ण मुरल्यावर, म्हणजे तीन-चार आठवड्यांनी वस्तू मुलाच्या हातात द्यावी.

विकणाऱ्यांनी आणखी एक बघून ठेवावे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट दिलेली आहे. म्हणजे सूट मिळते, पण नोंदणी असेल तर. ऑनलाइन विक्रीचा विचार असेल तर कारागीर ओळखपत्राचे काम आधी करून घ्यावे.

गणपतीच्या मूर्तीचा विषय यात येतोच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मूर्तीला विषारी रासायनिक रंग आणि ऑइल पेंट नको असे म्हटले आहे. विसर्जनाच्या शाडूच्या मूर्तीला वॉर्निश मारले तर माती पाण्यात सुटायला वेळ लागतो आणि पापुद्रा तरंगत राहतो. घरात कायम ठेवायच्या छोट्या मूर्तीला मारावे, विसर्जनाच्या मूर्तीला मारू नये.

वाफ आणि चिंध्या

थिनरचा वास काहींना आवडतो, पण तो डोक्यात जातो. खिडकी नसलेल्या खोलीत पावसाचे दार लावून स्प्रे मारला की डोके दुखते, मळमळते. पडवीत, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून काम करावे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी कार्बनच्या डब्या लावलेला मास्क लागतो. गरोदर बाई आणि लहान मुले त्या वेळी घरात आतल्या बाजूला असलेली बरी. काम चालू असताना चूल, उदबत्ती, विडी काही नको.

तेलाच्या वॉर्निशने भरलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हे वॉर्निश हवेशी मिळून सुकते आणि सुकताना उष्णता सोडते. चिंध्यांच्या ढिगात ती उष्णता कोंडते आणि कोणी काडी न लावता पेट घेऊ शकते. चिंध्या अंगणात एकेक पसरून सुकवाव्यात किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

बिघडले असेल तर

पांढरे पडलेला लॅकर दर वेळी फुकट जात नाही. कोरड्या, उन्हाच्या दिवशी वस्तू कोमट करून त्याच लॅकरचा एक अगदी पातळ फवारा द्यावा. तो खालचा थर मऊ करतो, अडकलेले पाणी निघून जाते आणि पुष्कळदा काच परत येते. चपड्याचे पॉलिश पांढरे पडले असेल तर स्पिरिटने किंचित ओला केलेला मऊ कपडा अलगद फिरवावा, मात्र खाली अ‍ॅक्रेलिक असेल तर हे करू नये. पाण्याच्या वॉर्निशचे कोपऱ्यातले पांढरे डाग आठवडाभर कोरड्या जागी ठेवून बघावेत, नाही गेले तर तेवढी जागा परत रंगवण्याशिवाय इलाज नाही.

चिकट राहिलेल्या टर्पेंटाईनच्या वॉर्निशवर आणखी एक हात मारून चिकटपणा झाकायचा प्रयत्न सगळे करतात. त्याने आतला थर कायमचा ओला राहतो. वस्तू हवेशीर, उबदार जागी आठ-पंधरा दिवस ठेवावी, मधूनमधून ऊन दाखवावे. तरीही नखाचा ठसा उमटत असेल तर पॉलिश पेपरने वरचा थर काढावा.

राहिला पाठवणीचा प्रश्न. वरून सुकणे आणि आतून मुरणे यात आठवड्यांचा फरक असतो. वस्तूच्या खालच्या बाजूला नख दाबून बघावे. ठसा उमटला तर ती बांधायची नाही. घाई असेल तर बबल रॅप थेट लावू नये आणि वर्तमानपत्र तर अजिबात नको, त्याची शाई उलटी उमटते. आधी बटर पेपर किंवा धुतलेले मऊ सुती कापड गुंडाळावे, त्यावर बबल रॅप, आणि फुगे बाहेरच्या बाजूला ठेवावेत. खोके एसटीच्या टपावर जाणार की सीटखाली, तेही चाकरमान्याला विचारून घ्यावे. यंदाच्या गणपतीला द्यायच्या वस्तूंचा शेवटचा हात चतुर्थीच्या निदान पंधरा दिवस आधी मारून झालेला असावा. त्यानंतर आलेली ऑर्डर घ्यायचीच असेल तर मॅट वॉर्निशची घ्यावी किंवा वस्तू दिवाळीला पाठवतो असे फोनवर सांगून टाकावे.